लाँड्रीतला रेडिओ

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

संकुलात राहायला येऊन आज नऊ दिवस. निवृत्तांचं संकुल, किमान वयाची अट पंचावन्न. मी अठ्ठावन्न. इथलं सरासरी वय ७१.४ (मी स्वतः काढलं, ऑफिसला माहीत नव्हतं). म्हणजे इथे मी तरुण रक्त. जबाबदारी आलीच.

ही वही फक्त माझ्यासाठी. हिच्या हाती पडली तरी हरकत नाही, हिला माझं अक्षर लागत नाही.

स्वतःविषयी थोडं, नोंद असावी म्हणून. तेहतीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले. कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. पहिला काटा उघडला तेव्हा आतली एक स्प्रिंग उडाली ती आजतागायत सापडलेली नाही. तो काटा पुढे त्या स्प्रिंगशिवाय अठरा वर्षं चालला. यावरून काय ते समजावं.

इथे क्लास चिकार. बुद्धिबळ, खुर्चीवरचा व्यायाम, चित्रकला, समूहगान. संकल्प: सगळ्यांना जायचं. शिकायला नव्हे, पण शिकायला आल्यासारखं दाखवायचं.

चहा घेताना ही म्हणाली, अहो, एक मागू का. मंगळवार-शुक्रवारचं गाणं तेवढं मी एकटीने करते. बाकी सगळे क्लास तुमचे. मी उदार मनाने हो म्हटलं. समूहगानात एकटीने काय करणार, हे विचारायचं राहिलं.

३ मार्च, मंगळवार. दुपारी १.००

इथली एक पद्धत आवडली. तळमजल्यावर एक फळा आहे, त्यावर खुंट्या. प्रत्येक खुंटीखाली जागेचं नाव: बाग, ग्रंथालय, तलाव, चित्रकला, बाहेर, वगैरे. प्रत्येकाला आपल्या नंबराचा पितळी बिल्ला. जिथे जाल त्या खुंटीला बिल्ला अडकवायचा, म्हणजे कोणी कुठे चक्कर येऊन पडलं, आग लागली, तर शोधायला सोपं. माझा नंबर ३१, हिचा ३२. खुंट्या मात्र एका रेषेत नाहीत. चौथी तीन मिलिमीटर खाली. ऑफिसला कळवलं.

सकाळी खुर्चीवरचा व्यायाम झाला. बाई आठ अंक मोजतात, पण पाच ते आठ घाईघाईत. मी स्टॉपवॉच लावून दाखवलं. त्यांनी माझी खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवली, तिथून तुम्हाला सगळ्यांवर लक्ष ठेवता येईल म्हणाल्या. दार नंतर वाऱ्याने लागलं असावं.

बुद्धिबळात दोन्ही बाजूंना योग्य खेळी सांगत होतो. डाव अकरा मिनिटांत संपला. एरवी दोन तास घेतात म्हणे. कार्यक्षमता वाढली. दोघेही लगेच उठून गेले, वेळ वाचल्यामुळे.

६ मार्च, शुक्रवार

चित्रकला. टेबलावर फळांची परडी, ती काढायची. टेबल तिरकं होतं. खिशात पाणसळ असतेच. एका पायाखाली पुठ्ठा सारून टेबल सपाट केलं, तर फळं घरंगळून खाली. आधी ती तिरक्या टेबलावर सवयीने बसली होती, यात माझा काय दोष. मास्तर म्हणाले, तुमची नजर इथे वाया जातेय. प्रामाणिक माणूस.

१० मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६.१५

आज हिला सरप्राइज दिलं. गाण्याला गेलो.

शब्द मोडलेला नाही. ती गाणार होती, मी गाणार नव्हतोच. मी फक्त मोजणार होतो. फोनमध्ये सूरमापक अ‍ॅप आहे. कोण किती वर, कोण किती खाली, अंकात कळतं. संगीताचं शास्त्र मी दोन पुस्तकांतून शिकलो, गातबित नाही. काटा दुरुस्त करणारा स्वतः त्यावर बसत नाही.

तेरा माणसं आणि गाण्याच्या बाई. सगळे वाचून दाखवले. निवृत्त दंतवैद्य बावीसने खाली. इतरांना तोंडं उघडी ठेवायला लावण्यात आयुष्य गेलं त्यांचं, आता स्वतःचं बंद करावं, असं मी विनोदाने म्हटलं. कोणी हसलं नाही. वयोमानाने ऐकू कमी येतं.

मग बाईंनी हिला उभं केलं. दोन ओळी एकटीने म्हणायच्या होत्या, कार्यक्रमात ते सोलो हिला द्यायचं म्हणत होत्या. हिने म्हटल्या. मी सांगितलं, दुसऱ्या ओळीत अकराने वर. ही खाली बसली.

परत येताना माझ्या चार पावलं पुढे चालत होती. बहुधा अकरावर विचार करत असावी.

११ मार्च, बुधवार

मुलीचा फोन. बाबा, आईला काय बोललात. मी म्हटलं, अकरा. ती म्हणाली, बाबा, लग्नाआधी आई गायची, मग एकतीस वर्षं तोंडातून सूर नाही, आणि काल उभी राहिली तर तुम्ही मापं काढलीत. आता ती नाही म्हणतेय, कायमची नाही. मी समजावलं की अकरा हा काही वाईट आकडा नाही, दंतवैद्य बावीसला होते. मुलगी म्हणाली, तुम्हाला सांगून उपयोग नाही, आणि फोन ठेवला. नेटवर्क.

१३ मार्च, शुक्रवार. दुपारी १२.३०

सूचनाफलकावर चिठ्ठी: समूहगानाचा क्लास सदस्यांअभावी बंद. पाया कच्चा असला की असंच होतं. हिला म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस. ती म्हणाली, नाही वाटत.

दु. ३.००. मोठी बातमी. मॅनेजर बाईंनी ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, बिल्ल्यांच्या फळ्याला एक काटेकोर माणूस हवा आहे. मंगळवार आणि शुक्रवार, चार ते पाच. त्या तासाला फार गोंधळ असतो. खुर्चीवरून उठायचं नाही, कोणाचा बिल्ला कुठे ते वहीत उतरवायचं. पद: फळाप्रमुख. कमिटीने एकमताने ठरवलं. सूचना दंतवैद्यांनी मांडली, अनुमोदन गाण्याच्या बाईंचं. परवापर्यंत मी ज्यांच्या चुका काढल्या तीच माणसं. याला मनाचा मोठेपणा म्हणतात. थोडा माझाही, कारण मी स्वीकारलं.

१७ मार्च, मंगळवार. दुपारी ४.१०, फळ्यासमोर

ग्रंथालयाच्या खुंटीला चौदा बिल्ले. एका खुंटीला. गेल्या महिन्यापर्यंत तिथे धूळ लटकत होती.

कारण उघड आहे. गेल्या गुरुवारी जेवताना मी वाचनाचे फायदे चाळीस मिनिटं सांगितले होते. दंतवैद्य, गाण्याच्या बाई, झाडून सगळे. ३२ नंबरसुद्धा. ज्या बाईने आयुष्यात बिलाची मागची बाजू वाचली नाही, ती.

वहीत नोंद: ग्रंथालय १४, बाग २, तलाव ३, बाहेर ४. खाडाखोड नाही.

खुर्चीची जागा ठीक आहे. डावीकडे जिना, उजवीकडे लाँड्री. लाँड्रीमागे कपडे वाळवायची खोली, तिच्यापलीकडे भोजनगृह. लाँड्री चार ते पाच बंद, मशिनं साफ करतात म्हणे. आतून रेडिओ ऐकू येतो. बरीच माणसं गातायत. पुरुषांमधला एकजण खाली जातोय, साधारण वीस-बावीसने. हल्ली रेडिओवर कोणालाही घेतात.

२० मार्च, शुक्रवार

आज रेडिओवर एकच ओळ सात वेळा लागली. सातही वेळा त्याच जागी थांबली आणि कोणीतरी खोकलं.

पाच वाजता लाँड्रीवाल्या बाईंना गाठलं. म्हणाल्या, रेडिओ जुना आहे साहेब, अडकतो. मी समजावलं की रेडिओ अडकत नसतो, टेप अडकते. त्या म्हणाल्या, मग टेपवाला रेडिओ असेल. स्टेशन कुठलं विचारलं. म्हणाल्या, जे लागेल ते. या देवमाणसाच्या हाती आमचे कपडे आहेत.

स्टेशनला पत्र लिहायचं ठरवलं आहे. मसुदा तयार, पत्ता बाकी.

२४ मार्च, मंगळवार. रात्री ८.००

आज ४.३५ ला रेडिओवर बाकीचे थांबले आणि एक बाई एकटी गायली. चारच ओळी.

फोन काढला होता. अ‍ॅप उघडायचं राहून गेलं. ओळी संपल्यावर लक्षात आलं की फोन हातात आहे आणि पडदा काळा. माझ्या बाबतीत असं होत नाही. तलावाच्या खुंटीवरचा एक बिल्लाही वहीत लिहायचा राहिला. तो नंतर घातला, वेगळ्या शाईत.

जेवताना हिला सांगितलं. म्हटलं, लाँड्रीतल्या रेडिओवर एक बाई गाते, तिच्याकडून शीक काहीतरी. आवाज असा की माणूस बसल्या जागी नीट बसतो. हिचा चमचा हातातच राहिला. म्हणाली, किती वर होती. म्हटलं, मोजलं नाही. म्हणाली, तुम्ही मोजलं नाही? म्हटलं, नाही, आणि मोजलं असतं तरी काही निघालं असतं असं वाटत नाही.

तिने ताट पुढे ओढलं. मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं. वाचनाने भूक लागते.

२७ मार्च, शुक्रवार

हिला म्हटलं, आज चारला माझ्याबरोबर बस आणि त्या बाईला ऐक. म्हणाली, त्या वेळी मी ग्रंथालयात असते ना. काय वाचतेस विचारलं. म्हणाली, एक जाड पुस्तक. जिन्यात दंतवैद्य भेटले, त्यांना विचारलं. म्हणाले, तेच, जाड. म्हणजे चौदाजण मिळून एकच ग्रंथ वाचतायत. असं अभ्यासमंडळ मी आल्यापासून उभं राहिलं, हे कोणीतरी नोंदवायला हवं. नोंदवलं.

रेडिओवरची बाई आज सहा ओळी गायली. सुधारते आहे, म्हणजे सुधारायला काही होतं असं नव्हे.

३१ मार्च, मंगळवार

रविवार, १९ एप्रिलला संकुलाचा वार्षिक कार्यक्रम. बिचाऱ्यांचं गाणं तर बुडालंच. मॅनेजर बाईंना सुचवलं की ग्रंथालयवाल्यांनी जाड पुस्तकाचं सामूहिक वाचन करावं. त्यांना खोकल्याची ढास लागली. ऑफिसच्या खिडकीतून धूळ येते, हेही कळवलं.

हल्ली ही सकाळी न्हाताना गुणगुणते. मी दाराबाहेरून फोन धरला होता. मग धरला नाही. पाण्याच्या आवाजात मोजमाप खरं येत नाही, एवढंच कारण.

३ एप्रिल, शुक्रवार

नोटीस: अग्निशमन दलाची चाचणी या पंधरवड्यात कधीही, न सांगता. त्या वेळी फळा हाच आधार. म्हणजे मी. पेन्सिलींना टोकं केली. सहा.

७ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी ७.३०

जसं घडलं तसं लिहितो.

४.२२ ला भोंगा. मी खुर्चीवर. दलाचा अधिकारी आत आला, हातात घड्याळ. विचारलं, माणसं कुठे. मी उभं राहून वही वाचली: बाग तीन, तलाव दोन, बाहेर चार, ग्रंथालय चौदा. तो म्हणाला, शाबास, अशी वही पहिल्यांदा पाहिली. (शब्दशः.)

बागेतले तीन मिळाले. तलावातले दोन टॉवेल गुंडाळून मिळाले. ग्रंथालयात गेलेली दोन माणसं परत आली आणि म्हणाली, आत कोणी नाही, टेबलांवर धूळ आहे, बोटांची खूणसुद्धा नाही.

अधिकाऱ्याने मला विचारलं. मी म्हटलं, फळ्याप्रमाणे ते ग्रंथालयातच आहेत. तो म्हणाला, फळ्याप्रमाणे चौदा माणसं जळाली.

मी पुन्हा बिल्ले मोजले. चौदाच होते. ३२ नंबर सगळ्यात खाली होता. तो हातात घेतला, का ते माहीत नाही. थंड होता.

तेवढ्यात भोंगा थांबला आणि गाणं ऐकू आलं. अधिकारी म्हणाला, हे काय. मी म्हटलं, लाँड्रीतला रेडिओ, तिकडे लक्ष देऊ नका. तो लाँड्री ओलांडून मागे गेला आणि वाळवणीच्या खोलीचं दार उघडलं. दोरीवरच्या चादरींमध्ये चौदाजण अर्धवर्तुळात उभे. भोंगा त्या खोलीत पोचतच नाही.  ही मधोमध उभी होती, डोळे मिटून, शेवटची ओळ संपवत होती. लाँड्रीवाल्या बाई बादली उलटी टाकून त्यावर बसल्या होत्या आणि मान डोलवत होत्या.

ओळ पूर्ण होईपर्यंत अधिकारीही थांबला. मग त्याने टोपी नीट केली आणि सगळ्यांना झापलं.

८ एप्रिल, बुधवार

कमिटीची बैठक. मॅनेजर बाईंनी प्रत्येकाची हजेरी घेतली, स्वतःची सुद्धा, कारण त्यांना सगळं ठाऊक होतं. दंतवैद्य म्हणाले, चूक झाली, पण सूरमापकापेक्षा आग परवडली. त्यावर सगळे हसले. म्हणजे ऐकू येतं यांना.

मग ही उठली. म्हणाली, बाकीच्यांना दोष नको, बिल्ले चुकीच्या खुंटीला लावा असं सगळ्यांना मीच विनवलं होतं. मला एकदा न मोजता गाऊन बघायचं होतं. अपघात झाला असता तर माझ्यामुळे झाला असता. बसली.

ठराव: यापुढे बिल्ले खऱ्या जागी. वाळवणीच्या खोलीत भोंगा. गाणं भोजनगृहात, उघडपणे. फळाप्रमुख हे पद रद्द. दलाच्या अहवालात मात्र स्पष्ट लिहिलं आहे: नोंदवही अचूक, माणसं अन्यत्र. त्याची प्रत मागून घेतली.

रात्रीचं जेवण लवकर झालं. ही भांडी पुसत होती. पाठमोरी म्हणाली, ती रेडिओवरची बाई खरंच चांगली गात होती का.

साधा प्रश्न होता. मी म्हटलं, भिंतीआडून ऐकताना आवाजातले बारीकसारीक दोष गाळले जातात, शिवाय ओल्या चादरी काही कंप शोषून घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात

ती आत निघून गेली. माझं वाक्य पुरं व्हायचं होतं.

१४ एप्रिल, मंगळवार

हिने सोलो नको म्हणून बाईंना कळवलं. आता दुसरी कोणी शोधतायत. कोणी मिळत नाही. जिन्यात माणसं मला वाट देतात, फार जास्त देतात.

उपाय केला. दुरुस्तीपत्रक लिहिलं, दोन प्रतींत: दि. १० मार्च रोजी दिलेला अकरा हा आकडा फोनच्या मायक्रोफोनमधील त्रुटी पाहता आठ धरावा. सही केली. हिला दिलं. तिने वाचलं, घडी घातली, मोज्यांच्या खणात ठेवलं.

दुपारी पुन्हा विचार केला आणि सुधारित पत्रक दिलं: सहा.

१५ एप्रिल, बुधवार

चार.

१६ एप्रिल, गुरुवार. सकाळी ६.५०

रात्रभर नीट झोप नाही. पत्रक क्रमांक चार. आकड्याची जागा कोरी ठेवली आणि खाली लिहिलं: सदर दिवशी मोजायला नको होतं. सही.

ही दारात उभी राहून वाचत होती. सही का केलीत, मी ओळखते की तुम्हाला, म्हणाली. मग मोज्यांच्या खणाकडे गेली नाही, पत्रक पर्समध्ये टाकलं.

१७ एप्रिल, शुक्रवार

ही गाणार. अट एकच. म्हणाली, तुम्ही हॉलमध्ये नाही. तुम्ही लाँड्रीत बसा. तिथून तुम्हाला चांगलं ऐकू येतं.

मॅनेजर बाईंना भेटून रीतसर करून घेतलं. कार्यक्रमाच्या वेळी मशिनं बंद राहतील याची जबाबदारी माझ्यावर. अशा वेळी कोणीतरी भरवशाचं लागतंच.

१९ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६.२०, लाँड्री

मशिनं चार, चारही बंद. प्लग काढून वर ठेवले. वाळवणीच्या खोलीची दोन्ही दारं उघडी, पलीकडे भोजनगृह. लाँड्रीवाल्या बाई तिसऱ्या रांगेत, नवीन चपला. मी त्यांच्या बादलीवर.

फळ्यावर लाँड्रीची खुंटीच नाही, हे आज लक्षात आलं. बिल्ला कुठे लावायचा. इथली जुनी पद्धत धरून ग्रंथालयाला लावला.

फोन खोलीवर आहे. विसरलो असं नाही.

७.०५. दंतवैद्य खाली गेले. किती ते सांगता येणार नाही.

७.११. ही.

७.४०

टाळ्या थांबल्यावर हॉलमध्ये खुर्च्या सरकवल्याचा आवाज, हसणं, कपबशा. मी मशिनं राखत होतो. वीस मिनिटांनी चादरी बाजूला करत ही आली. कपाळाला घाम. म्हणाली, कसा होता रेडिओ.

भिंत, चादरी, कंप, मायक्रोफोन, सगळं जिभेवर आलं होतं. म्हटलं, छान.

ती वाट बघत उभी राहिली. म्हणाली, पुढे? म्हटलं, पुढे काही नाही. म्हणाली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा तुमचं वाक्य वेळेत संपलं.

मग चहाला निघाली, सगळे थांबलेत म्हणाली. मला बोलावलं नाही, पण येऊ नका असंही म्हणाली नाही, हे नोंदवून ठेवतो. दारातून वळून म्हणाली, आधी तो ग्रंथालयावरचा बिल्ला काढा तेवढा. नाहीतर लोक उगाच शोधत बसतील तुम्हाला.

प्लग लावले. फळ्यापाशी गेलो. एकतीस नंबर एकटाच लटकत होता. पाच मिनिटं उभा राहिलो, सवयीने.

कोणी शोधत नव्हतं. वेळ ७.५२.